कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसोबत मायनर कोणता घ्यावा?

दुसरं वर्ष सुरू व्हायच्या सुमारास वर्गाच्या ग्रुपवर एक फॉर्म येतो. 'मल्टिडिसिप्लिनरी मायनर'साठी, म्हणजे मूळ शाखेच्या जोडीला शिकायच्या दुसऱ्या शाखेतल्या विषयगटासाठी, पसंतीक्रम भरा, मुदत दोन-तीन दिवस. यादीत सात-आठ नावं असतात, त्यातल्या निम्म्या विषयांत नेमकं काय शिकवतात हे कुणालाच धड माहीत नसतं, आणि शेवटी बहुतेक मुलं शेजारच्याने जे भरलं तेच भरून मोकळी होतात. पुढची दोन-अडीच वर्षं मग त्याच विषयाची लेक्चर्स, प्रॅक्टिकल्स आणि पेपर. तो फॉर्म यायच्या आधीच थोडी तयारी करून ठेवावी, यासाठी हा लेख आहे. कॉम्प्युटर, आयटी किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला नुकतंच आलेल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या विषयातून कॉम्प्युटरला सोडवायला नवे प्रश्न मिळतात, आणि जो विषय शिक्षक, लॅब आणि परीक्षेच्या धाकाशिवाय एकट्याने शिकणं कठीण जातं, तो मायनर घ्यावा. नवी प्रोग्रॅमिंग भाषा, एखादं फ्रेमवर्क, क्लाउडची ओळख हे सगळं सुट्टीत घरी बसून जमतं. संख्याशास्त्र, हिशेबशास्त्र किंवा सर्किट्सचं तसं नाही.

पहिली पायरी : तुमच्या कॉलेजचे नियम मिळवा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रात त्याप्रमाणे इंजिनिअरिंगचा आराखडा २०२३ च्या शासन निर्णयाने ठरला. स्वायत्त कॉलेजांमध्ये तो आधी लागू झाला, विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ च्या पहिल्या वर्षापासून. या आराखड्यात चार वर्षांची पदवी १६० ते १७६ क्रेडिटची असून त्यातली १४ क्रेडिट मल्टिडिसिप्लिनरी मायनरची आहेत. म्हणजे हा मायनर पदवीच्या आतच आहे आणि तो सगळ्यांना घ्यावाच लागतो.

क्रेडिट म्हणजे किती काम, हे एकदा तासांत मांडून बघा. आठवड्याला एक तास लेक्चर सेमिस्टरभर चाललं की एक क्रेडिट, म्हणजे साधारण १५ तास. प्रॅक्टिकलला एका क्रेडिटसाठी आठवड्याला दोन तास. १४ क्रेडिट सगळी थिअरीची धरली तरी वर्गातले २१० तास होतात, अभ्यास वेगळा. एवढा वेळ जायचाच आहे, तर तो कुठे घालवायचा हे दोन दिवसांत ठरवू नये.

मायनरच्या आसपासच्या दोन गोष्टी मुलं हमखास एकात एक मिसळतात. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे दुसऱ्या शाखेतला एखादा सुटा विषय, त्याला पुढचा-मागचा धागा असायलाच हवा असं नाही. आणि ऑनर्स किंवा डबल मायनर म्हणजे नेहमीच्या क्रेडिटवर साधारण १८ ते २० क्रेडिट जास्तीची घेऊन मिळणारी नोंद. ती ऐच्छिक असते आणि तिला सहसा चांगला सीजीपीए आणि बॅकलॉग नसण्याची अट असते. ऑनर्समध्ये तुम्ही आपल्याच शाखेत खोल जाता, मायनरमध्ये दुसऱ्या शाखेत पाऊल टाकता. सीनियर म्हणतो, "मी एआय घेतलंय," तेव्हा त्याने ते ऑनर्स म्हणून घेतलंय, मायनर म्हणून की नुसतं इलेक्टिव्ह, हे विचारल्याशिवाय त्याचा सल्ला स्वतःला लावू नका.

विभागात जाऊन एवढं विचारून घ्या: मायनर कोणत्या सेमिस्टरपासून कोणत्या सेमिस्टरपर्यंत आहे, आपल्या शाखेला कोणते मायनर बंद आहेत, किती मुलं आली नाहीत तर तुकडीच सुरू होत नाही, एकदा घेतल्यावर बदलायची मुभा किती दिवस आहे, आणि मायनरचं नाव गुणपत्रकावर आणि पदवीवर कसं छापून येतं. उत्तरं तोंडी मिळाली तर परिपत्रकही मागा. ऑफिसात गर्दी असेल तर मायनरच्या समन्वयक सरांना किंवा मॅडमना ईमेल करावा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

दुसरी पायरी : नाव वाचू नका, सिलॅबस वाचा

विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर सिलॅबसची पीडीएफ असते. मायनरच्या पहिल्या विषयाची तेवढी बघून थांबू नका, शेवटच्या सेमिस्टरपर्यंतची सगळी उतरवून घ्या. मग एका कागदाच्या डाव्या बाजूला मायनरची युनिट्स लिहा आणि उजव्या बाजूला आपल्या मूळ अभ्यासक्रमात तेच कुठे येतं ते.

'डेटा सायन्स' असं नाव असलेल्या मायनरचं उदाहरण घ्या. पहिल्या विषयात पायथन आणि आलेख काढणं, दुसऱ्यात एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), तिसऱ्यात मशिन लर्निंगची तोंडओळख. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या मुलासाठी हा मायनर खरोखर मोलाचा आहे. कॉम्प्युटरच्या मुलाला मात्र पायथन पहिल्या वर्षी आणि एसक्यूएल डीबीएमएस म्हणजे डेटाबेसच्या विषयात भेटतं, मशिन लर्निंग तिसऱ्या वर्षी येतंच. गुण सहज पडतील, पण २१० तासांत हाती नवं फारसं लागणार नाही. अनेक कॉलेजं अशी जवळची नावं कॉम्प्युटरच्या मुलांना देतच नाहीत, ते योग्यच आहे. दिली असतील तर तुम्ही होऊन टाळा.

उलट एखादं कंटाळवाणं वाटणारं नाव आत फार चांगलं निघतं. 'इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग'च्या सिलॅबसमध्ये ऑपरेशन्स रिसर्च असेल तर त्यात लिनिअर प्रोग्रॅमिंग, ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम, रांगांचं गणित असं सगळं येतं. डिलिव्हरीच्या गाड्यांचे मार्ग ठरवणं किंवा सर्व्हरवरचा ताण वाटणं या कामांच्या मुळाशी हेच गणित आहे.

तिसरी पायरी : कोणता विषय काय देतो

संख्याशास्त्र किंवा गणित उपलब्ध असेल आणि मनात दुसरं काही पक्कं नसेल, तर डोळे मिटून तेच घ्या असं मी म्हणेन. का, ते एका हिशेबात दिसतं. समजा दिवसाला १,००,००० कार्ड-व्यवहार होतात आणि त्यातले १०० फसवणुकीचे आहेत. तुम्ही एक मॉडेल बनवलंत. ते फसवणुकीच्या १०० पैकी ९९ व्यवहार पकडतं आणि चांगल्या व्यवहारांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून संशय घेतं. ऐकायला उत्तम. पण चांगले व्यवहार ९९,९०० आहेत. त्यांचा १ टक्का म्हणजे ९९९. एकूण इशारे १,०९८ आणि त्यातले खरे ९९, म्हणजे दर अकरा इशाऱ्यांत एकच खरा. बाकी दहा वेळा तुम्ही प्रामाणिक गिऱ्हाइकाचं कार्ड अडवलंत. याउलट 'सगळे व्यवहार ठीक आहेत' एवढंच म्हणणारा एका ओळीचा प्रोग्रॅम ९९.९ टक्के वेळा बरोबर ठरतो, आणि एकही चोर पकडत नाही. मॉडेल चालवून 'अ‍ॅक्युरसी' छापणं कुणालाही जमतं. तो आकडा कधी फसवतो हे सशर्त संभाव्यता आणि बेजचा नियम (नवी माहिती मिळाल्यावर शक्यता कशी बदलते याचं गणित) नीट शिकलेल्यालाच कळतं, आणि ते वर्गात गणितं सोडवूनच अंगी येतं. पुढे एम.टेक.साठीची गेट परीक्षा द्यायची असेल तर २०२४ पासून डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा वेगळा पेपर आहे, त्यात संभाव्यता, संख्याशास्त्र आणि लिनिअर अल्जिब्राला मोठी जागा आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना हे नातं ठाऊक असतं. पुणे विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी कॉम्प्युटरच्या जोडीला गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स असायचं, आणि ती जोडणी फार विचारपूर्वक केलेली होती.

फायनान्स आणि अकाउंटन्सीकडे कॉम्प्युटरची मुलं कॉमर्सचा विषय म्हणून बघतही नाहीत. मुंबईत शेअर बाजार, सेबी, रिझर्व्ह बँक, बँकांची मुख्यालयं. पुण्यातल्या कितीतरी सॉफ्टवेअर टीम जगभरच्या बँकांचं काम करतात. तिथे कोड लिहिणाऱ्याला जमा-नावे कळत नसेल तर तो प्रत्येक प्रश्न दुसऱ्याला विचारत बसतो. अगदी छोटी गोष्ट बघा: १०० रुपये तिघांत वाटायचे. प्रत्येकी ३३.३३, बेरीज ९९.९९. उरलेला एक पैसा कुणाच्या नावावर? प्रोग्रॅम त्याकडे दुर्लक्ष करेल, पण ताळेबंद जुळणार नाही, आणि लाखो व्यवहारांत असे पैसे साठत जातात. शिवाय दशांश अपूर्णांक फ्लोट या नेहमीच्या प्रकारात साठवले तर ०.१ आणि ०.२ यांची बेरीज कॉम्प्युटर नेमकी ०.३ देत नाही. म्हणून रक्कम पूर्णांकात, पैशांमध्ये साठवतात किंवा त्यासाठीचा खास दशमान प्रकार वापरतात. हिशेबशास्त्र शिकलेला मुलगा हा प्रश्न डिझाइन करतानाच विचारतो.

इलेक्ट्रॉनिक्स किंवा एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रांच्या आत बसवलेले छोटे कॉम्प्युटर) ज्यांना प्रत्यक्ष हलणारी, मोजणारी वस्तू बनवायला आवडते त्यांच्यासाठी. लॅपटॉपवर शिकलेल्या मुलाला मेमरी अमर्याद वाटते. आर्डुइनो उनो आर-३ या शिकाऊंच्या छोट्या बोर्डवर २ किलोबाइट रॅम, म्हणजे २,०४८ बाइट. तिथे इंट दोन बाइटचा असतो. सेन्सरची १,००० मापं ठेवायला त्याने नेहमीच्या सवयीने अ‍ॅरे घेतला की २,००० बाइट तिथेच गेले, आणि प्रोग्रॅम मधेच काहीतरी विचित्र वागू लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातला स्टॅक (फंक्शन्सच्या कामासाठी राखलेली मेमरी) तेव्हा डोळ्यांसमोर उभा राहतो. चाकण, पिंपरी-चिंचवड, छत्रपती संभाजीनगर, नाशिक या पट्ट्यात वाहनांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, त्यामुळे इंटर्नशिपसाठी लांब जावं लागत नाही. या मायनरला चांगली लॅब मात्र हवी. लॅब पाहिल्याशिवाय पसंती भरू नका: दहा-दहा मुलांत एक किट असेल तर दोघं हात लावतात आणि आठजण जर्नल उतरवतात.

भाषाविज्ञान फार थोड्या कॉलेजांत मिळतं, पण मिळालं तर मराठी मुलांनी ते गंभीरपणे बघावं असं मला मनापासून वाटतं. 'घर', 'घरात', 'घराला', 'घरासमोरच्यांनासुद्धा'. माणसाला हे एकाच मुळाचं कुटुंब दिसतं. मोकळी जागा पाहून शब्द तोडणाऱ्या प्रोग्रॅमला ते चार वेगळे शब्द दिसतात, आणि सामान्यरूपात 'घर'चं 'घरा' का झालं याची त्याला गंधवार्ता नसते. मराठीतला शोध, भाषांतर, बोलणं लिहून घेणं, सगळीकडे ही अडचण येते. पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था आहे, डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची जुनी परंपरा आहे आणि तिथे ऐतिहासिक तत्त्वांवरच्या संस्कृत कोशाचं काम १९४८ पासून चालू आहे. आयआयटी मुंबईच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान केंद्राने मराठी वर्डनेट, म्हणजे शब्दांच्या अर्थांचं आणि नात्यांचं जाळं, उभं केलं. या कामाला व्याकरण कळणारे प्रोग्रॅमर लागतात आणि ते फार थोडे आहेत.

जीवशास्त्राची आवड असून केवळ सीईटीचा ग्रुप निवडताना ते सुटलं, अशी बरीच मुलं कॉम्प्युटरला असतात. त्यांच्यासाठी बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जैविक माहितीचं कॉम्प्युटरने विश्लेषण, आहे. अल्गोरिदमच्या विषयात 'लाँगेस्ट कॉमन सबसिक्वेन्स'साठी (दोन ओळींतला सर्वांत लांब समान क्रम शोधण्यासाठी) जो तक्ता भरतो, जवळपास तोच तक्ता १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन प्रथिनांची तुलना करण्यासाठी वापरला. पण इथे पुढे बहुतेक वेळा एम.एस्सी., एम.टेक. किंवा पीएच.डी. करावी लागते. चौथ्या वर्षानंतर लगेच कमवायचं असेल तर हे आधी लक्षात घ्या.

भूगोल आणि जीआयएस (कॉम्प्युटरवरचं नकाशांचं आणि स्थानिक माहितीचं काम) : सहसा सिव्हिल विभाग हा मायनर देतो. उपग्रहचित्रं, नकाशे, पीकपाहणी, पाणलोट. राज्याचं सुदूर संवेदन केंद्र नागपूरला आहे, इस्रोचं 'भुवन' हे नकाशांचं संकेतस्थळ सगळ्यांसाठी खुलं आहे, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्या मुलांना आपल्याच भागातल्या पाण्याच्या आणि शेतीच्या प्रश्नांवर काम करायचंय, त्यांनी हा विषय हातचा सोडू नये.

डिझाइन किंवा मानसशास्त्र घ्यायचं तर शिकवणारं माणूस त्या क्षेत्रातलं आहे का, एवढं पाहा. कायद्याचा मायनर मिळत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सिलॅबसमध्ये आहेत याची खात्री करा. नुसतं 'मॅनेजमेंट' मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घाईचं वाटतं. ज्याने अजून कुठल्या टीममध्ये काम केलेलं नाही त्याला त्या व्याख्या फक्त पाठ करता येतात.

चौथी पायरी : दोन आठवडे चव घेऊन बघा

यादीतून दोन विषय बाजूला काढा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर त्या विषयाचा प्राथमिक अभ्यासक्रम बहुधा सापडतोच. त्याची पहिली तीन-चार लेक्चर्स बघा, आणि मुख्य म्हणजे पहिल्या आठवड्याची असाइनमेंट कागदावर सोडवा. नुसतं ऐकताना सगळेच विषय आवडतात. गणित अडल्यावर ते सोडवायची इच्छा होते की मोबाइलकडे हात जातो, यावरून खरं कळतं. ग्रंथालयातून सिलॅबसमध्ये दिलेलं पुस्तक आणा आणि मागच्या दोन वर्षांचे पेपर चाळा.

सीनियरना "कसा आहे विषय?" असं विचारू नका. "भारी आहे" किंवा "बोअर आहे" यापलीकडे उत्तर येत नाही. प्रॅक्टिकल खरंच होतात का, ओरलला काय विचारतात, लेक्चर शनिवारी असतं का, शिकवणारे सर-मॅडम वर्षभर तेच राहिले की मधेच बदलले, असं विचारा. आणि एकदा त्या विभागात जाऊन शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटा. "मॅडम, मी कॉम्प्युटरला आहे, या मायनरमध्ये माझा उपयोग कुठे होईल?" या एका प्रश्नावर त्या अर्धा तास बोलल्या, तर तो मायनर निम्मा निवडून झाला समजा.

पाचवी पायरी : वेळेचा हिशेब

चौथं आणि पाचवं सेमिस्टर कॉम्प्युटरला जड जातं. ऑपरेटिंग सिस्टिम्स, डीबीएमएस, नेटवर्क्स, अल्गोरिदम असे विषय याच सुमारास येतात. त्यात जड मायनर पडला तर सबमिशनच्या आठवड्यात तारांबळ उडते. पहिल्या वर्षाचा एम-१ किंवा एम-२ (गणिताचे पेपर) राहिला असेल तर आधी तो काढा, आणि गणिती मायनर घ्यायचा की नाही हे त्यानंतर ठरवा. मायनरची लेक्चर्स सगळ्या शाखांना मिळून ठेवायची असल्याने ती दिवसाच्या शेवटी किंवा शनिवारी जातात. कर्जतहून लोकलने किंवा तालुक्याच्या गावाहून एसटीने येणाऱ्याला पाच ते सहाचं लेक्चर म्हणजे घरी पोचायला रात्र. ही अडचण किरकोळ समजू नका.

काही कॉलेजं मायनरची काही क्रेडिट स्वयम या सरकारी पोर्टलवरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांतून घेऊ देतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला सहसा ३ क्रेडिट धरतात. असाइनमेंटना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण. बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० हवेत, दोन्ही वेगवेगळे. शिकणं फुकट, परीक्षेची फी एका विषयाला हजार रुपयांच्या आसपास. मात्र नेमका तोच अभ्यासक्रम तुमच्या मायनरसाठी चालेल, असं विभागाकडून लेखी घेतल्यावरच नोंदणी करा. परीक्षा पास होऊनही क्रेडिट जमा झाली नाहीत, तर आठव्या सेमिस्टरला धावपळ होते. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळालेली क्रेडिट जमा राहणाऱ्या सरकारी खात्याचा) आयडी काढलेला आहे आणि त्यावरचं नाव गुणपत्रकाशी जुळतं, हेही आत्ताच बघून ठेवा.

सहावी पायरी : घरच्यांशी बोला, मग फॉर्म भरा

घरी पहिला प्रश्न येतो, "याने नोकरी लागेल का?" खरं ते सांगा. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्यांची पहिली चाळणी अ‍ॅप्टिट्यूड आणि कोडिंगची असते. तिथे मायनर कोणता होता हे कुणी विचारत नाही. फरक पडतो तो मुलाखतीत, प्रोजेक्टबद्दल बोलताना. बँकेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमसमोर ज्याला लेजर (खातेवही) म्हणजे काय ते सांगता येतं, त्याचं बोलणं वेगळं उठून दिसतं. पुढे एम.एस.ला जायचं असेल तर ट्रान्सक्रिप्टवर संख्याशास्त्राचे किंवा जीवशास्त्राचे विषय प्रत्यक्ष दिसणं कामाला येतं, कारण त्या-त्या शाखेत प्रवेश देताना पूर्वी काय शिकलात हे तपासतात. ज्या मराठी घरांतली मुलं अमेरिकेत पदवी करताहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट: तिथे मायनर साधारण पाच-सहा विषयांचा असतो आणि कॉम्प्युटर सायन्सच्या मेजरमध्ये कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आधीच होत असल्याने गणिताचा मायनर बऱ्याचदा दोन-तीन विषयांवरच अडलेला असतो. आपल्या अ‍ॅडव्हायझरला ते मोजून मागावं.

फॉर्म भरताना सगळे पसंतीक्रम भरा. जागा बहुधा सीजीपीएवर वाटतात. एकच नाव भरून थांबलात तर उरलेलं पदरी पडतं. जे अजिबात नको ते सगळ्यात शेवटी. मित्रासोबत बसता यावं म्हणून क्रम बदलू नका, तुकड्या कशा पाडतील ते तुमच्या हातात नसतं. भरलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट ठेवा. यादी लागली आणि तिसरी पसंती मिळाली तरी पहिले दोन आठवडे सगळ्या लेक्चर्सना बसा. बदलायची मुदत संपायच्या आत निर्णय घ्यायचा तर तेवढी लेक्चर्स ऐकलेली हवीत.

मायनर सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टचा विषय दोन्ही विभागांच्या सीमेवरचा निवडा आणि गाइडची विनंती त्या प्रोजेक्टची यादी लागायच्या महिनाभर आधी करा, कारण चांगल्या शिक्षकांकडचे गट लवकर भरतात. कॉम्प्युटरचे सर गाइड आणि मायनरच्या मॅडम को-गाइड अशी जोडी अनेक कॉलेजांत मंजूर होते, फक्त अर्जावर दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या लागतात.